आजोळच्या वाड्यातली कट्यार, जंबिया आणि संगीन: खरं-खोटं ओळखायचं कशावरून?

बालाघाटी

राम राम मंडळी.

धारूरजवळचा आमच्या आजोळचा वाडा यंदा उतरवायला घेतलाय. माळवदाची माती ओढताना तुळई आणि किलचनाच्या बेचक्यात गोणपाटात बांधलेलं गाठोडं निघालं. आत एक वाकडा जंबिया, मूठ शिंगाची, म्यान अर्धं कुजलेलं. आणि एक लांब सरळ संगीन. तिच्या लाकडी मुठीला दोन स्क्रू आहेत, आणि मुठीजवळ पात्यावर मुकुट, त्याखाली इंग्रजीत ‘जी आर’ आणि १९०७. तिसरी वस्तू गाठोड्यातली नाही, देवघरातली. वीतभर पात्याची कट्यार, दोन आडव्या दांड्यांची मूठ. दर खंडेनवमीला पुजतात.

मोठे मामा छातीठोक सांगतात की संगीन असईच्या लढाईत इंग्रजाच्या हातातून हिसकावलेली आणि कट्यार खर्ड्याच्या लढाईतली. धाकटे मामा म्हणतात, भंगार आहे, वजनावर द्या. संभाजीनगरचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी वाड्याची दारं-खांब बघायला आला होता. त्यानं संगीन बघून हात जोडले, ‘असईचीच आहे मालक’ म्हणाला, तीस हजार बोलला. जंबियाचे दहा. कट्यार मात्र चकचकीत आहे म्हणून ‘ही नवी, राजस्थानी माल, सोबत अशीच द्या’ म्हणाला. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली.

विकायचं की नाही हे मामा लोक ठरवतील. मला एवढंच कळून घ्यायचंय की जाणकार माणूस हत्यार हातात घेतल्यावर नेमकं काय बघतो?

खवचट काका

१९०७ कोरलेली संगीन १८०३ च्या लढाईत. इंग्रज फारच दूरदृष्टीचा निघाला.

बाकी व्यापारी ज्या वस्तूला नावं ठेवतो तीच त्याला हवी असते. बैलबाजारात गेला नाहीत का कधी?

भोकरदनकर

असई आमच्या तालुक्यात, म्हणून बोलतो. खेळणा आन् जुई नदीच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला लढाई झाली. एका अंगाला वेलस्ली, दुसऱ्या अंगाला शिंदे आन् नागपूरकर भोसले. तवापासून आमच्याकडं ज्याच्या घरी गंजकं लोखंड हाय त्याच्या घरी ‘असईची’ वस्तू हाय. पाव्हण्याला दाखवायला लागतंय काहीतरी.

पण बालाघाटी, साल राहू द्या बाजूला. त्या काळची इंग्रजी संगीन सुरीसारखी नसायचीच. तिला मूठच नव्हती. तीन कडांचं लांब टोचणं आन् मागं पोकळ नळी. ती बंदुकीच्या तोंडावर चढवून फिरवली की बसली. लाकडी मूठ आन् स्क्रू असलेली संगीन बघितली की असईचा विषय तिथंच मिटला. मामांना दुखवू नका, पण व्यापाऱ्याला हे ठाऊक नसंल असं मला वाटत नाय.

फौजी_उदगीर

जय हिंद. या संगिनीवर आमचा हात बसलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९०७ हे बनवल्याचं साल नव्हे, नमुन्याचं साल आहे. ली-एनफिल्ड रायफलसाठी १९०७ मध्ये जो नमुना मंजूर झाला त्या नमुन्याच्या प्रत्येक संगिनीवर १९०७ असतंच, मग ती कधीही बनलेली असो. ‘जी आर’ म्हणजे राजा जॉर्ज. खरं साल त्याच्या खाली बारीक आकड्यांत असतं, आधी महिना, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे. त्याखाली बनवणाऱ्याचं नाव: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, व्हिकर्स वगैरे. आपल्याकडे बनलेली असेल तर ‘आर एफ आय’, म्हणजे इशापूरची रायफल फॅक्टरी.

आता पातं उलटं करा. दुसऱ्या बाजूला रुंद बाणाचं चिन्ह दिसेल, ती सरकारी मालाची खूण. जवळच इंग्रजी एक्स असेल. तो पातं वाकवून परत सरळ होतं का ही परीक्षा पास झाल्याचा. बाकी बारीक ठसे तपासनिसांचे.

पातं मोजा. मूळ १७ इंच. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे आखूड, १२ इंची पात्यांची टूम निघाली, तेव्हा जुन्या लांब संगिनीही कापून आखूड केल्या गेल्या. म्हणजे आखूड दिसली म्हणून लगेच खोटी म्हणू नये. सुरुवातीच्या संगिनींना आडव्या पट्टीला खाली वळलेला आकडा होता, तो १९१३ मध्ये काढून टाकला. आकड्याच्या संगिनी कमी उरल्या म्हणून महाग, आणि म्हणूनच साध्या पट्टीला नवा आकडा वेल्डिंग करून विकणारे महाभाग आहेत. तसंच मुठीच्या टोकाला आरपार बारीक भोक आहे का बघा. माती-तेल साचू नये म्हणून ते १९१६ पासून पाडायला लागले.

मुठीच्या टोकावर आणि आडव्या पट्टीवर कधी कधी पलटणीचे ठसे असतात. तिथला फोटो टाका. उजेड तिरपा पडू द्या, मोबाइलचा फ्लॅश नको.

टेक_सॅम

मी पण कलेक्टर आहे!! माझ्याकडे जर्मन नाझी डॅगर आहे, ऑनलाइन साडेचार हजारात घेतला. पात्यावर जर्मन वाक्य कोरलंय, सोबत साखळीसकट म्यान. ओरिजिनल आहे असं सेलरनं लिहून दिलंय.

फौजी_उदगीर

सॅम बेटा, अस्सल असता तर साडेचार हजारात साखळी पण आली नसती. हा प्रकार १९३३ पासून बनला, झोलिंगेन गावात. युद्ध संपल्यावर उरलेले सुटे भाग जोडून नकला सुरू झाल्या त्या आजतागायत थांबलेल्या नाहीत. अस्सल पात्यावर पॉलिशच्या अतिबारीक रेघा आडव्या असतात, धारेपासून पाठीकडे जाणाऱ्या. तुझ्यावर उभ्या असतील किंवा स्टीलच्या ताटासारखी चकाकी असेल. आणि ते वाक्य कोरलेलं नसतं, ॲसिडनं उतरवलेलं असतं, नखाला जेमतेम लागतं.

टेक_सॅम

नखाला चांगलंच लागतंय 😐

खवचट काका

मग पत्र उघडायला वापर. पत्रं येतात का कुणाला आता?

लोहारकीचा लेक

आमच्या बापजाद्यांनी विळे-खुरपी केली, एखादी तलवार दुरुस्तीला यायची. मी कट्यारीवर बोलतो, संगीन फौजी साहेबांनी निकालात काढली.

पैली गोष्ट, सांधा बघा. जुन्या कट्यारीत पातं आन् मूठ तापवून घणानं एकजीव केलेली असती, नायतर मुठीचे दोन पाख पात्याच्या दोन्ही अंगांनी पुढं आणून मधून रिबिटा मारलेल्या असत्यात. दख्खनी कट्यारीत हा रिबिटाचा प्रकार लई. आजच्या मालात तिथं वेल्डिंगचे मणी दिसतील. वरून ग्राइंडर फिरवून सपाट केले तरी सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात ग्राइंडर पोचत नाय. बॅटरी मारा आन् कोपरा बघा.

दुसरी, जाडी. कट्यार खुपसायचं हत्यार, चिलखताच्या कड्या फोडायचं. म्हणून पातं मधी तासून हलकं करायचे पण टोक पुन्हा जाड ठेवायचे. दोन बोटांच्या चिमटीत धरून मुठीपासून टोकाकडं सरका. शेवटच्या दोन-तीन बोटांत चिमूट उघडली तर माणसानं वापरायला केलेली वस्तू. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी लागली तर पत्रा कापलाय.

तिसरी, आडवे दांडे. आताचे लोक बाजारातून गोल सळई आणत्यात आन् ठोकत्यात. जुना दांडा मधी फुगीर, कडेला बारीक, आन् हात जिथं घासतो तिथं गुळगुळीत. घासणं एका बाजूला जास्त पायजे. माणूस दोन्ही अंगांनी सारखं धरत नाय.

नांदेडची सुनबाई

‘चकचकीत आहे म्हणून नवी’ यावर मला बोलायचंय. हे आपल्या घरांबद्दल काही माहीत नसलेल्या माणसाचं बोलणं आहे, नाहीतर माहीत असून वेड पांघरलेल्याचं.

माझ्या सासरी दोन तलवारी आणि एक बिचवा आहे. दर खंडेनवमीला विटकरीची भुकटी, राख, लिंबू किंवा चिंच घेऊन सासूबाई ती घासतात. त्यांच्या सासूबाईही घासायच्या. पिढ्यान् पिढ्या असं घासल्यावर गंज राहणार कुठून? उलट गंजलेलं दिसावं म्हणून नव्या हत्यारावर ॲसिड ओततात. घरातलं खरं जुनं हत्यार कसं दिसतं सांगते: पातं उजळ, पण कडा आणि कोरीव काम गोलावलेलं, नक्षीतली फुलं अर्धी पुसलेली. आणि जिथं बोट जात नाही त्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचा थर बसून दगड झालेला. वर पिवळा, खाली काळपट, मधेच शेंदूर. बिचव्याच्या मुठीच्या कडीत तो सुईनं टोकरला तरी निघत नाही. असा थर करायचा तर खोटं करणाऱ्याला पन्नास दसरे थांबावं लागेल.

बालाघाटी, कट्यारीच्या मुठीचे कोपरे बघा आणि सांगा.

इथे हजूर साहिबला दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असतं. गोदावरीचं पाणी आणून सगळं धुतात, गुरु गोबिंदसिंगजींची शस्त्रंही. गर्दीत उभं राहून बघितलेलं आहे. स्वच्छ शस्त्र म्हणजे खोटं शस्त्र असं नांदेडमध्ये म्हणून बघा कोणी!

तिरपागडा

खोट्याचा माझा लाडका नमुना: एका किल्ल्याच्या पायथ्याला टपरीवर खंजीर होता, पात्यावर सुबक अक्षरात ‘छत्रपती शिवाजी महाराज १६७४’. मी विचारलं, महाराजांच्या कारखान्यात इसवी सन कधीपासून चालू झाला? त्या वर्षी शके १५९६ होतं. टपरीवाला शांतपणे म्हणाला, ‘शकेवाला पण मिळेल, दोन दिवसांनी या.’

अजिंठ्याचा पाहुणा

मग साताऱ्याला आणलेली वाघनखं? लंडनहून आली म्हणजे खरी?

तिरपागडा

लंडनच्या त्या संग्रहालयानंच म्हटलंय की हीच ती, याची खातरजमा करता येत नाही. पेटीवर लिहिलंय की ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना त्याला ती पेशव्याच्या प्रधानाकडून मिळाली. पेटीवरचं लिखाण म्हणजे पुरावा की पुराव्याची सुरुवात, हा खरा…

अजिंठ्याचा पाहुणा

म्हणजे तुम्हाला म्हणायचंय की

संपादक मंडळ

वाघनखांवर स्वतंत्र धागा आहे, चारशे प्रतिसादांनंतर बंद केलेला. इथे पुन्हा सुरू करू नये. पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

गोदाकाठ

मी अनेक वर्षं दख्खनी शस्त्रं जमवतो. वरची चर्चा चांगली आहे, फक्त थोडी भाबडी. हळदीकुंकू कोणीही भरू शकतो. गोंदात कालवून भरलेलं मी पाहिलंय. ते पाण्याच्या थेंबानं सुटतं, जुनं सुटत नाही, पण गिऱ्हाइकाच्या देखत कोण थेंब टाकू देतो?

संग्राहक तीन गोष्टी बघतो.

पोलाद. बालाघाटी, कट्यारीच्या पात्यावर तिरप्या उजेडात पाण्याच्या लहरींसारखी बारीक नक्षी दिसते का? त्याला जौहर म्हणतात. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची ती अंगची नक्षी, वरून काढलेली नव्हे. हे पोलाद आपल्या शेजारीच बनायचं. निजामाबादकडचं कोनासमुद्रम आणि निर्मळचा परिसर त्यासाठी पश्चिम आशियापर्यंत प्रसिद्ध होता. आज बाजारात ‘दमास्कस’ म्हणून मिळतं ते दोन प्रकारचं. एकात वेगवेगळ्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक जोडून पिळलेल्या असतात. त्याची नक्षी ठसठशीत, मोठ्या लाटांची, एकसारखी. दुसऱ्यात नुसती ॲसिडनं वर रेखाटलेली, पॉलिश पेपर मारला की गायब. अस्सल जौहर सहसा बारीक, कुठं दाट कुठं विरळ.

सोनं. कोफ्तगिरीत लोखंडावर आधी सुरीनं आडव्या-उभ्या बारीक चिरा पाडतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. जिथं सोनं उडालंय तिथं भिंगातून चिरा दिसल्याच पाहिजेत. खाली गुळगुळीत लोखंड असेल तर सोन्याचं पाणी दिलंय, एवढाच अर्थ. मात्र चिरा दिसल्या म्हणजे जुनं असंही नाही. सिरोही, उदयपूरला आजही फार सुंदर कोफ्तगिरी होते.

लेखन. अदोनी १६८९ मध्ये मोगलांनी घेतली तेव्हा बिकानेरच्या अनुपसिंहानं तिथली दख्खनी शस्त्रं आपल्या शस्त्रागारात नेली. त्यांवर टिंबाटिंबांनी ठोकलेल्या अक्षरांत नोंदी आहेत. अशा टिंबांना जगभर मोल आलं, तेव्हापासून टिंबंही नवी ठोकली जातात. जुन्या टिंबाच्या खड्ड्यात पात्यावर आहे तोच रंग, तोच जुना काळेपणा असतो. नव्याच्या तळाशी लोखंड उजळ.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. काल दिवसभर भिंग घेऊन बसलो होतो, मामी म्हणाली सोनाराकडं नोकरी धर.

संगीन: १९०७ च्या खाली ‘२ १७’ आणि सँडरसन. मागं बाण आहे, एक्स आहे. मुठीच्या टोकाला भोक आहे. पातं बरोब्बर १७ इंच. आडव्या पट्टीला वळलेला आकडा नाही.

कट्यार: चिमूट टोकाकडं उघडते, चांगलीच. पातं मुठीच्या दोन पाखांमध्ये रिबिटांनी बसवलंय, एका बाजूला पाच, दुसरीकडून एक पडलेली दिसते. कोपऱ्यात हळदीकुंकू दगडासारखं, खाली काळं. लहरी… सकाळच्या उन्हात पात्याच्या मधल्या भागात काहीतरी दिसतं खरं, माझ्या डोळ्यांचा खेळ आहे का माहीत नाही. आणि आडव्या दोन दांड्यांपैकी एक वेगळा आहे, जरा जाड, त्याच्या दोन्ही टोकांना पिवळं काहीतरी वितळल्यासारखं.

मोठ्या मामांना असईचं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या त्या मोबाइलला काय कळतंय, माझ्या आज्ज्यानं सांगितलंय.

भोकरदनकर

फेब्रुवारी १९१७! असईनंतर फक्त ११४ वर्षं. मामांच्या आज्ज्याला म्हणावं, थोडक्यात हुकली.

लोहारकीचा लेक

पिवळं म्हंजे पितळंचा डाग. दांडा मोडला आसंल, गावच्या लोहारानं नवा करून पितळ वितळवून जोडला. वेल्डिंग नव्हतं तवाचं काम हाय ते. मला इचाराल तर हाच दांडा सगळ्यात मोठी साक्ष. खोटी कट्यार कोण दुरुस्त करून वापरतंय?

गोदाकाठ

भावना समजू शकतो, पण बाजारात याला दोष म्हणतात. मुठीचा भाग बदललेला असला की किंमत निम्म्यावर येते. परदेशी लिलावात तर वर्णनातच तसं लिहावं लागतं.

लोहारकीचा लेक

बाजार त्यांचा, मोडलेला दांडा आमचा. ज्यानं वापरली त्याला लढाईच्या आदल्या रात्री दांडा जोडून पायजे होता, लिलावाचं वर्णन नको होतं.

गोदाकाठ

लढाईच्या आदल्या रात्रीचा पुरावा? हे मामांच्या असईसारखंच झालं की.

खवचट काका

दोघांनाही एकेक चहा सांगा माझ्या नावावर.

जिज्ञासू_बीड

एवढा खल कशाला? कार्बन डेटिंग करा ना.

धातुपाठ

अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवतो, म्हणून हा प्रश्न दरवर्षी अंगावर येतो.

कार्बन डेटिंग मुख्यतः लाकूड, चामडं, हाड, कापड अशा सजीवापासून आलेल्या वस्तूंचं. कोळशावर केलेल्या जुन्या पोलादातल्या कार्बनचं तत्त्वतः करता येतं, पण नमुना कापून द्यावा लागतो. शिवाय गेल्या तीन-साडेतीनशे वर्षांच्या वस्तूला त्यातून कामाचं उत्तर निघत नाही, शक्यतांचा पट्टा फार रुंद येतो. आणि म्यानाचं लाकूड तपासाल तर म्यान कधी बदललं ते कळेल, पात्याचं वय नाही.

त्यापेक्षा क्ष-किरणांवर चालणारं हातात धरायचं यंत्र असतं, वस्तूला ओरखडाही न पाडता पृष्ठभागावरचे धातू सांगतं. भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडेही ते असतं. मँगनीज बघा. १८५६ नंतर कारखान्यात पोलाद करताना मँगनीज घालायची रीत पडली, आजच्या साध्या पोलादात ते सहज अर्धा टक्का किंवा जास्त सापडतं. जुन्या देशी पोलादात सहसा नगण्य. पात्यात क्रोमियम निघालं तर पुढची चर्चा थांबवा. एवढं मात्र लक्षात घ्या की या चाचणीनं ‘नवं आहे’ हे ठामपणे सांगता येतं, ‘जुनं आहे’ हे नाही. जुन्या मोडक्या पात्यापासून काल कट्यार केली तर यंत्र फसेल.

लोहचुंबक लावून बघू नका, त्यानं काहीच कळत नाही. आणि लहरी बघायच्या म्हणून घरी लिंबू-ॲसिड तर अजिबात नाही.

लोहारकीचा लेक

आमच्याकडं ग्राइंडरला टेकवून ठिणगी बघत्यात. ठिणगी फुलासारखी फुटली की कडक पोलाद.

गोदाकाठ

खबरदार! कृपया कोणीही हे करू नका!!

लोहारकीचा लेक

आवो, म्या सांगितलं, करा म्हटलं का?

अंबाजोगाईचे वकील

आतापर्यंत एकालाही कायदा आठवला नाही याचं कौतुक वाटलं.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६ चे नियम. खंजीर, तलवार, संगीन यांची नावं त्यातल्या यादीत आहेतच. सुऱ्यांच्या बाबतीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं असेल तर तेही यादीत, घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. तेव्हा ‘देवघरातली आहे’ हे उत्तर ठाण्यात पुरत नाही. विकणं हा वेगळाच प्रश्न, विनापरवाना शस्त्र विकणं गुन्हा आहे.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींचा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते. म्हणजे फौजी साहेबांची संगीन २०१७ सालीच त्या वयाची झाली. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. त्या व्यापाऱ्याकडे तो आहे का, हे आधी विचारा. देशाबाहेर पाठवणं खासगी माणसाला बंद.

मूठ हस्तिदंती असती तर वन्यजीव कायदा लागला असता, तो सगळ्यांत कडक. शिंगाची आहे म्हणता, म्हशीचं असेल तर बरं.

आणि जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेलं काही निघालं तर १८७८ चा निधीचा कायदा, दहा रुपयांहून जास्त किमतीचं असलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. माळवदात निघालं म्हणून सुटलात असं समजू नका, आणि वाड्याचं पेव किंवा बळद, म्हणजे धान्य साठवायच्या जागा, उपसताना काही लागलं तरी ध्यानात ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचं: हातात धरून स्टेटसला फोटो टाकू नका, आणि भाच्याच्या वाढदिवसाला त्यानं केक कापू नका. अशी प्रकरणं माझ्याकडे येतात. पोरगं वीस वर्षांचं, केक पाव किलोचा आणि जामिनाचा खर्च निराळा.

जंबियावाला पठाण

जंबियाकडं कोणी बघतच नाय! मी परभणीचा, आमच्या नाना-दादांकडून ऐकत आलोय.

निजामाच्या काळात अरब शिपाई सगळ्या मराठवाड्यात पसरले होते. गढ्यांवर पहारा, देशमुखांकडं चाकरी, सावकारीची वसुली, सगळीकडं अरब आणि त्याच्या कमरेला जंबिया. १८१९ मध्ये नौसाजी नाईकांनी नोव्ह्याची गढी इंग्रजांच्या फौजेविरुद्ध लढवली तेव्हा आत बहुतेक अरबच होते. हैदराबादच्या बारकसमध्ये त्यांचे वंशज आजही राहतात. म्हणून धारूरच्या वाड्यात जंबिया निघणं नवलाचं नाही. कट्यारीपेक्षा तोच जास्त आपल्या मातीतला समजा.

बघायचं काय: पात्याच्या मधून उभी ठळक कणा असलेली रेघ दोन्ही बाजूंनी आहे का. मूठ पात्यावर कशानं बसवलीय. जुन्यात आत लाख किंवा राळ भरलेली असते. गरम सुई कडेला हळूच टेकवली की लाखेचा वास येतो, दिवाळीत जुन्या पेटाऱ्याला येतो तसा. नव्यात एमसील. त्याचा वास आला की समजून घ्या भाऊ. आणि गेंड्याच्या शिंगाची मूठ म्हणून कोणी भाव वाढवून सांगितला तर हसून सोडून द्या.

नांदेडची सुनबाई

एक विचारू का? कट्यार देवघरात उघडी आणि बाकी दोन माळवदात लपवलेली. असं का? माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, पोलिस ॲक्शनच्या वेळी, ४८ सालच्या सप्टेंबरात, हत्यारं जमा करायच्या दवंडीनं लोकांनी काय काय विहिरीत टाकलं आणि काय काय माळवदात घातलं. रझाकारांच्या भीतीनं आधी जमवलेलं, नंतर फौजेच्या भीतीनं लपवलेलं. पूजेतलं तेवढं कोणी हलवलं नसेल.

फौजी_उदगीर

सुनबाईंचा मुद्दा पटतो. संगीन त्या वाटेनं आलेली असू शकते. निजामाच्या फौजेकडे ली-एनफिल्ड होत्याच. दुसरी वाट पहिल्या महायुद्धाची: हैदराबाद लान्सर्स मैसूर आणि जोधपूरच्या स्वारांबरोबर एकाच ब्रिगेडमध्ये सुएझ-पॅलेस्टाइनला होते, १९१८ ला हैफा घेतलं तीच ब्रिगेड. गावातला कोणी त्यात गेला होता का, मामांना विचारा. पण ठशाशिवाय मी कुठल्याच वाटेची खात्री देणार नाही.

बालाघाटी

व्यापाऱ्याचा फोन आला होता. संगिनीचे वीस देतो म्हणाला, पण कट्यारीचे आता पंचवीस! मी विचारलं, अहो ती तर नवी राजस्थानी ना? तर म्हणे, ‘घरच्या लोकांची श्रद्धा असते, म्हणून मान ठेवला.’ परवान्याचं विचारल्यावर रेंज गेली.

दोन्ही मामांचं पहिल्यांदाच एकमत झालंय, कट्यार द्यायची नाही. संगीन आणि जंबियाचं ठाण्यात कळवायचं ठरलंय. वकील साहेब, वस्तू घेऊनच जायचं का?

आणि तोवर ठेवायच्या कशात? मामीनं खोबरेल लावलंय.

अंबाजोगाईचे वकील

घेऊन जाऊ नका! संगीन कमरेला लावून मोटारसायकलवर धारूरला निघालात तर वाटेतच पंचनामा. आधी लेखी अर्ज, वाडा उतरवताना कुठं, कधी, कोणासमक्ष निघालं ते, सोबत फोटो आणि मोजमापं. पोच घ्या. ते बोलावतील तसं करा.

गोदाकाठ

खोबरेल पुसून काढा, ते चिकट होऊन धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल, पातळ हात. आणि जंबिया त्या कुजक्या म्यानातून बाहेर काढून वेगळा ठेवा, चामडं ओल धरतं. म्यान टाकू मात्र नका. कट्यारीला यंदा विटकर लावू नका अशी मामींना माझी हात जोडून विनंती.

(दांड्याबद्दल माझं मत कायम आहे.)

लोहारकीचा लेक

माझंबी.

नांदेडची सुनबाई

मामींना विटकर लावू नका म्हणून सांगायचं काम बालाघाटींनीच करावं. आम्ही कोणी मधे पडणार नाही.

जिज्ञासू_बीड

पण मग कार्बन डेटिंग नक्की का नाही चालणार?

धातुपाठ

वर वाचा.

फौजी_उदगीर

बालाघाटी, मुठीच्या टोकाचा फोटो अजून राहिलाय. अर्ज देण्याआधी काढून ठेवा, दोन्ही बाजूंनी.